परदेशात शिकायला निघालाय? घरी स्वस्तात फोन करायची सगळी तयारी, अगदी सुरुवातीपासून

दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबर आला की ओळखीतलं कुणी ना कुणी बाहेर शिकायला निघतं आणि मला ठरलेला मेसेज येतो, "ताई, तिकडून घरी फोन करायला कुठलं सिम घेऊ?" मी तासगाव तालुक्यातली, जर्मनीत माग्डेबुर्गला मास्टर्स केलं, त्यामुळे हा प्रश्न मलाच विचारतात. माझं उत्तर दरवेळी एकच असतं, सिमचं नंतर बघू, आधी घरी कुणाकडे कुठला फोन आहे ते सांग. कारण फोनला दोन टोकं असतात आणि पैसे, वेळ, मनस्ताप यातलं बरंचसं घरच्या टोकाला जातं. तुमच्याकडे हॉस्टेलचं फास्ट वायफाय असून उपयोग काय, जर आज्जीकडे बटणांचा फोन असेल आणि त्याचंही रिचार्ज मागच्या आठवड्यात संपलं असेल.

म्हणून हा लेख तिकीट काढल्यापासून सुरू करतेय. उदाहरणं जर्मनीची आहेत कारण मला तिथलं नीट माहितीये, बाकी देशांचं जिथं वेगळं आहे तिथं सांगेन.

निघायच्या आधी, घरी बसून करायची कामं

एक वही घ्या आणि लिहा, की मी कुणाकुणाशी बोलणार आणि त्यांच्याकडे काय आहे. आमच्या घरात हे असं निघालं: आईकडे स्मार्टफोन, आप्पांकडे स्मार्टफोन पण ते दिवसभर शेतात आणि फोन खिशात बंद पडलेला, आज्जीकडे बटणांचा फोन, आणि पुण्याच्या आत्याकडे अजून लँडलाइन. चार माणसं, चार तऱ्हा. स्मार्टफोनवाल्यांचं काम इंटरनेटवरून फुकटात होतं, खरा पैसा लागतो तो बटणांच्या फोनला आणि लँडलाइनला. म्हणजे तुमचा महिन्याचा खर्च किती येणार हे या वहीतच कळतं, सिमच्या जाहिरातीत नाही.

आता आईच्या फोनवर बसा, तास-दीड तास काढून. हे काम लोक करत नाहीत आणि मग परदेशातून रडत बसतात की व्हॉट्सॲपवर रिंग जाते पण आई उचलत नाही. आई उचलत नाही कारण तिच्याकडे रिंग वाजतच नाही. शाओमी, विवो, ओप्पो, रियलमी असल्या बऱ्याच फोनमध्ये बॅटरी वाचवायला फोन स्वतःहून मागचे ॲप बंद करतो, त्यात व्हॉट्सॲप पण जातं आणि कॉल आल्याचं कळतं ते आईने तासाभराने फोन उघडल्यावर. सेटिंगमध्ये जाऊन व्हॉट्सॲपसाठी बॅटरीचं बंधन काढून टाका, ऑटोस्टार्ट चालू करा. मग घरातूनच दुसऱ्या फोनवरून कॉल लावून बघा, पण आईचा फोन दोन-तीन तास हात न लावता पडलेला असताना, लगेच नाही.

त्याच बैठकीत व्हॉट्सॲपचं फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा. गुड मॉर्निंगची फुलं आणि भजनाचे व्हिडिओ येऊन येऊन फोन भरतो, भरला की व्हॉट्सॲप नीट चालत नाही, आणि रोजचा डेटा पण त्यातच संपतो. रोज दीड जीबीचा पॅक असेल आणि संध्याकाळपर्यंत भावाने हॉटस्पॉट लावून मॅच बघितली की स्पीड ६४ केबीपीएसवर येतो, मग तुमचा आवाज तुटक तुटक जातो आणि दोन्हीकडून नुसतं हॅलो हॅलो चालतं. घरी सांगून ठेवा की कॉलच्या दिवशी आईचा डेटा कुणी खायचा नाही. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज आणि डेटाच्या खाली कॉलसाठी कमी डेटा वापरायचा पर्याय आहे, तो दोन्हीकडे चालू करून टाका, गावाकडच्या रेंजला त्याने फरक पडतो.

घरात रेंज कुठे येते ते पण शोधून ठेवा. आमच्याकडे सोप्यात दाराच्या उजव्या हाताला कोनाडा आहे, पूर्वी तिथं दिवा ठेवायचे, पूर्ण घरात रेंज नीट येते ती तिथंच. मी निघायच्या आधी त्या कोनाड्याजवळ चार्जरचा बोर्ड बसवून घेतला, साडेतीनशे रुपये गेले असतील वायरमनला, आणि रविवारी आईचा फोन तिथं लावलेला असणार हे ठरून गेलं. अख्ख्या दोन वर्षांत फोनवर केलेला सगळ्यात कामाचा खर्च तोच.

आज्जीचा बटणांचा फोन

इथं जरा थांबते कारण लोक याच माणसाला विसरतात. जिओफोनवर आधी व्हॉट्सॲप चालायचं, ते आता बंद झालंय, त्यामुळे बटणांच्या फोनवर साधा कॉल हाच मार्ग धरून चाला.

पहिली गोष्ट रिचार्ज. आपल्याकडे इनकमिंगला पैसे पडत नाहीत म्हणून घरच्यांना वाटतं आज्जीला रिचार्ज कशाला, ती कुठं कुणाला फोन करते. पण प्रीपेडची व्हॅलिडिटी संपली की काही दिवसांनी इनकमिंगही थांबतं. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपन्यांना सांगितलं की डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक द्यावेच लागतील, आणि व्हाउचरची मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. तेव्हा आज्जीला डेटाचा पॅक मारू नका, फक्त कॉलिंगचा जास्तीत जास्त मुदतीचा मारा आणि संपायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा, स्वतःच्या फोनमध्ये पण आठवण लावा.

दुसरी गोष्ट नंबर सेव्ह करणं. हल्ली बाहेरच्या देशातून अनोळखी नंबर आला की उचलू नका असं सगळीकडे सांगतात आणि ते बरोबरच आहे, फसवणुकीचे कॉल भरपूर येतात. पण मग +४९ ने सुरू होणारा तुमचा नंबर बघून घरचे कट करतात. तिकडचं सिम मिळाल्या मिळाल्या नंबर घरी पाठवा आणि कुणालातरी आज्जीच्या फोनमध्ये तो सेव्ह करायला लावा. आज्जीला वाचता येत नसेल तर त्या नंबरला वेगळी रिंगटोन लावा. माझ्या आज्जीच्या फोनला माझ्यासाठी सनईची रिंगटोन होती, सनई वाजली की ती हातातलं सूप खाली ठेवून पदराला हात पुसायची आणि उचलून पहिलं वाक्य, "जेवलीस काय गं?"

एक जुगाड लोक करतात, घरातल्या कुणाच्या तरी स्मार्टफोनवर व्हॉट्सॲप कॉल लावायचा आणि दोन फोन स्पीकरवर एकमेकांसमोर धरायचे. अडीनडीला ठीक आहे पण म्हाताऱ्या माणसाला त्यात काही ऐकू येत नाही, नुसता घुमतो आवाज. त्यापेक्षा आठवड्याला पंधरा मिनिटांचा साधा कॉल करा.

तुमचं भारतातलं सिम

हे बंद पडू देऊ नका. बँकेचे ओटीपी, एज्युकेशन लोन, आधार, सगळं त्याच नंबरवर असतं. नियम असा की प्रीपेड नंबर ९० दिवस कशालाच वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते, खात्यात निदान २० रुपये असतील तर ते कापून आणखी ३० दिवस मिळतात. पण हे फक्त नंबर हातात राहण्यापुरतं आहे, प्लॅन संपलेल्या सिमवर ओटीपी येईल असं धरून बसू नका. माझ्या रूममेटचा नंबर असाच गेला, घरच्यांना वाटलं तिने रिचार्ज केलं, तिला वाटलं घरच्यांनी, आणि लोनच्या खात्यात शिरायला तिला सुट्टीत भारतात येईपर्यंत थांबावं लागलं.

तर करायचं असं:

- निघायच्या आधी फक्त कॉल-एसएमएसचा लांब मुदतीचा पॅक मारा.
- इंटरनॅशनल रोमिंगची सेवा चालू करून घ्या, मोठा रोमिंग पॅक घेतलाच पाहिजे असं नाही. रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला साधारणपणे पैसे पडत नाहीत, आपल्याला तेवढंच पाहिजे.
- विमानात बसायच्या आधी त्या सिमचं डेटा रोमिंग बंद करा. हे विसरलात तर उतरल्या उतरल्या फोन मागच्या मागे अपडेट ओढायला लागतो आणि बिल फुगतं.
- रोमिंगमध्ये त्या सिमवर आलेला कॉल उचलू नका, त्याला पैसे पडतात. कट करून व्हॉट्सॲपवरून लावा.
- ई-सिम करायचं असेल तर भारतात असतानाच करा, तिकडून करायला गेलं की ओटीपी आणि ओळख पटवण्यात अडकतं.

व्हॉट्सॲप भारतातल्या नंबरवरच ठेवा, सगळ्यांकडे तोच सेव्ह असतो. आणि सिम पाकिटात नको, फोनच्या दुसऱ्या खाचेतच राहू दे. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मेसेजिंग ॲपना निर्देश दिलेत की ज्या नंबरवर खातं आहे ते सिम फोनमध्ये असल्याशिवाय ॲप चालू नये, त्यामुळे ही सवय आतापासूनच बरी.

वायफाय कॉलिंगचं पण विचारतात, म्हणजे भारतातलंच सिम पण कॉल वायफायवरून. जिओ, एअरटेलची ही सोय आहे पण परदेशातून ती कशी चालते आणि मिनिटाला काय आकारतात ते प्लॅननुसार ठरतं. निघायच्या आधी कस्टमर केअरला चॅटवर विचारा आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. फुकट असेल असं समजून कधीच लावू नका.

शेवटचं एक बारीक काम, फोनमधले सगळे नंबर +९१ लावून सेव्ह करा. शून्य लावून किंवा नुसते दहा आकडे असले तर तिकडच्या सिमवरून लागत नाहीत. लँडलाइनला एसटीडी कोडचा पहिला शून्य काढायचा, पुण्याचा ०२० असेल तर +९१ २० आणि पुढे नंबर, सांगलीचा ०२३३ तर +९१ २३३.

तिकडे पोचल्यावर कुठलं सिम

जर्मनीत २०१७ पासून प्रीपेड सिमलाही ओळख पटवावी लागते, पासपोर्ट घेऊन दुकानात किंवा पोस्टात, नाहीतर व्हिडिओ कॉलवर. पहिल्या दोन-चार दिवसांत हे होईलच असं नाही, तोवर हॉस्टेलच्या किंवा युनिव्हर्सिटीच्या वायफायवर भागवा. एज्युरोमचं, म्हणजे युनिव्हर्सिट्यांच्या सामायिक वायफायचं, लॉगिन मिळालं की कॅम्पसवर आणि दुसऱ्या गावच्या युनिव्हर्सिटीतही इंटरनेट फुकट. हॉस्टेलच्या खोलीत बऱ्याचदा भिंतीत नुसतं केबलचं तोंड असतं, राउटर आपला आणावा लागतो, तो सीनियरकडून जुना घ्या.

स्टेशनजवळच्या दुकानात गोड बोलून २४ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट गळ्यात मारतात, फोन पण देतो म्हणतात. घेऊ नका. तुमचा कोर्स दोन वर्षांचा, मध्ये इंटर्नशिपला दुसऱ्या देशात जाल, आणि कॉन्ट्रॅक्ट मोडायचं म्हणजे लेखी कुंडिगुंग (कॉन्ट्रॅक्ट बंद करायची नोटीस) पाठवा, मुदतीत पाठवा, नाहीतर बँकेतून पैसे कापत राहतात. प्रीपेडच घ्या.

प्रीपेडमध्ये दोन तऱ्हा. एक म्हणजे सुपरमार्केटची स्वस्त सिमं, डेटा भरपूर पण भारतात कॉल महाग. दुसरी लेबारा, लायकामोबाइलसारखी, जी बाहेरून आलेल्या लोकांसाठीच आहेत आणि पॅकमध्येच परदेशी कॉलची मिनिटं देतात. तुमच्या वहीत बटणांचा फोन किंवा लँडलाइन असेल तर दुसरी घ्या, नसेल तर पहिली. इंग्लंडमध्ये पण याच कंपन्या आहेत आणि तोच हिशोब लागू.

पॅक घेताना तीन गोष्टी नीट वाचा. देशांच्या यादीत भारत आहे का, असला तर मोबाइल आणि लँडलाइन दोन्ही धरलेत का, आणि पॅक महिन्याचा आहे की २८ दिवसांचा. २८ दिवसांचा असेल तर वर्षाला १२ नाही, १३ रिचार्ज लागतात. मिनिटं संपल्यावर पुढचा दर काय ते पण बघा, तिथंच बॅलन्स एका कॉलमध्ये उडतो. युरोपात कुठंही फुकट असं लिहिलेलं असतं त्यात भारत येत नाही, ते फक्त युरोपियन युनियनपुरतं.

कॉलिंग कार्ड आणि पैसे भरून चालणारी ॲप

पहिल्या महिन्यात मी ५ युरोचं कॉलिंग कार्ड घेतलं, मिनिटाला जवळजवळ काहीच नाही असा दर वर छापलेला. दोनदा आज्जीशी बोलले, दोन्ही मिळून वीसएक मिनिटं, आणि तिसऱ्या वेळी यंत्रातली बाई म्हणाली शिल्लक संपली. मागच्या बाजूला अगदी बारीक अक्षरात होतं: प्रत्येक कॉल जोडायचे वेगळे पैसे, मोबाइलवरून लावला तर जास्तीचे, आणि कार्ड एकदा वापरलं की रोजचा देखभालीचा आकार. तेव्हा महिन्याचा एकेक युरो मोजत होते, खूप वाईट वाटलं होतं.

त्यामुळे हिशोब असा करा. समजा दर मिनिटाला १ सेंट आहे आणि कॉल जोडायचे २९ सेंट. तीन मिनिटं बोललात तर ३२ सेंट, म्हणजे मिनिटाला दहाच्या वर. तीस मिनिटं बोललात तर ५९ सेंट, मिनिटाला दोन. म्हणजे असलं कार्ड फक्त लांब बोलणाऱ्याला परवडतं, आणि रेंजमुळे कॉल दर पाच मिनिटांनी कट होत असेल तर अजिबात नाही, कारण दरवेळी जोडायचे पैसे पुन्हा. कॉल मिनिटाने मोजतात की सेकंदाने ते पण विचारा. आणि जर्मनीत कार्डाचा ॲक्सेस नंबर, म्हणजे कार्ड वापरायला आधी लावायचा नंबर, ०१८० किंवा ०९०० ने सुरू होत असेल तर त्याचे वेगळे पैसे पडतात, तो लावूच नका.

ॲपमध्ये स्काइपचं नाव अजून जुने लोक घेतात पण ते मे २०२५ मध्ये बंद झालं. आता व्हायबर आउट, रेबटेल अशी आहेत, ज्यात तुमच्याकडे इंटरनेट लागतं पण समोरच्याकडे साधा फोन किंवा लँडलाइन चालते. कधीमधीच साधा कॉल लागत असेल तर सिमच्या पॅकपेक्षा हे बरं पडतं. आधी सगळ्यात छोटी रक्कम भरा, एक कॉल करा, किती कापले ते बघा, मग पुढचं. अमेरिकेत असाल तर तिकडच्या नंबरवर गूगल व्हॉइस घेता येतं, भारताचा दर अगदी किरकोळ असतो, बरेच जण तिथं तेच वापरतात.

एक सावधगिरी. एखादं ॲप अगदीच स्वस्त असेल आणि घरी कॉल जातो तेव्हा आज्जीला भारतातलाच कुठला तरी अनोळखी नंबर दिसत असेल, दरवेळी वेगळा, तर तो कॉल बहुतेक बेकायदा सिमबॉक्समधून, म्हणजे ढीगभर सिमं घातलेल्या यंत्रातून, वळवलेला असतो. आपल्याकडे पोलीस यावर धाडी टाकतात. असलं ॲप काढून टाका.

देशाप्रमाणे बदलणारं

दुबई, अबुधाबीत व्हॉट्सॲपवर मेसेज जातात पण कॉल लागत नाहीत, तिथं बोटिमसारखी परवानगी असलेली ॲप वापरावी लागतात. चीनमध्ये एमबीबीएसला गेलेल्यांची अडचण दुहेरी, व्हॉट्सॲप तिकडे बंद आणि वीचॅट २०२० पासून आपल्याकडे बंद, म्हणून त्यांनी साध्या कॉलच्या मिनिटांचा पॅक धरूनच बजेट करावं. रशियात ऑगस्ट २०२५ पासून व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामच्या कॉलवर बंधनं आलीत. या देशांत जाणाऱ्यांनी सीनियरला विचारून आत्ता काय चालतं ते ॲप घरच्यांच्या फोनमध्ये आधीच टाकून, दोनदा वापरून दाखवून जावं. तिकडे गेल्यावर आईला फोनवरून ॲप टाकायला शिकवणं फार अवघड, आणि शिकवणार कशावरून, फोनच लागत नाही.

वेळ

जर्मनी आणि भारतात हिवाळ्यात साडेचार तासांचं अंतर, उन्हाळ्यात साडेतीन. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. इंग्लंडला साडेपाच आणि साडेचार. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला साडेदहा आणि साडेनऊ, पण त्यांच्या तारखा वेगळ्या, मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला.

घरच्यांची वेळ पक्की ठेवा, आपली हलवा. आमचा रविवारी संध्याकाळी साडेसात ठरलेला होता, म्हणजे मी हिवाळ्यात दुपारी ३ ला लावायचे आणि उन्हाळ्यात ४ ला. आज्जी सातपासूनच कोनाड्याजवळ पाट घेऊन बसायची, एकदा घड्याळ बदललेलं माझ्या लक्षात राहिलं नाही आणि तासभर उशीर झाला तर ती तशीच बसून, जेवलीसुद्धा नाही. तेव्हापासून त्या दोन तारखा मी वहीत पहिल्या पानावर लिहिल्या.

आठवड्यातल्या बाकी दिवशी व्हॉइस मेसेज. आप्पा शेतातून परत येताना एका मिनिटाचा मेसेज करायचे, मागे मोटरचा आवाज, द्राक्षाला काय फवारलं, बेदाण्याला काय दर लागला. मी लॅबमधून निघताना ट्राममध्ये ऐकायचे आणि उत्तर द्यायचे. यात दोघांनाही एकाच वेळी मोकळं असायची गरज नाही, रेंज नसली तरी आली की जातो, आणि डेटा नगण्य. कॉलचं म्हणाल तर व्हॉट्सॲपच्या नुसत्या आवाजाच्या कॉलला मिनिटाला साधारण अर्धा ते एक एमबी लागतो, व्हिडिओला त्याच्या कैक पट. तुमचा नेमका किती जातो ते सेटिंगमध्ये नेटवर्क वापरात दिसतं, एक आठवडा बघा आणि त्यावरून पॅक ठरवा. व्हिडिओ सुरुवातीला पाच मिनिटं, सगळ्यांची तोंडं बघून झाली की बंद करून आवाजावर या, आवाज लगेच सुधारतो.

अडीअडचणीसाठी

सिममध्ये ५ युरो कायम ठेवा, हात लावायचा नाही. घरी कुणाला दवाखान्यात नेलं आणि लाइट नाही, वायफाय नाही, अशा वेळी साधा कॉलच लागतो, तेव्हा दर बघायचा नाही. घरच्यांनाही सांगा की तातडीचं असेल तर पैशाचा विचार न करता माझ्या इकडच्या नंबरवर नुसता मिस्ड कॉल द्या, मी लावते. त्यासाठी त्यांच्या सिमवर आयएसडी चालू आहे का ते एकदा मिस्ड कॉल देऊन तपासून घ्या.

बँकेचा १८०० वाला टोल फ्री नंबर परदेशातून सहसा लागत नाही. प्रत्येक बँकेचा बाहेरून लावायचा वेगळा नंबर असतो, तो निघायच्या आधी वेबसाइटवरून उतरवून घ्या, आणि लावताना पॅकमधल्या मिनिटांवरून लावा कारण होल्डवर अर्धा तास सहज जातो.

आणि घरात एक जाड पुठ्ठा लावा. आमच्याकडे तो अजून कोनाड्याच्या वर आहे: माझा तिकडचा नंबर मोठ्या आकड्यात, ००४९ पासून पुढे सगळा, रूममेटचा नंबर, हॉस्टेलचा पत्ता जर्मन अक्षरांत, आज्जीच्या रिचार्जची तारीख. आईचा फोन एकदा पाण्याच्या टाकीत पडला, सगळे नंबर गेले, तेव्हा शेजारच्या काकांनी त्या पुठ्ठ्यावर बघून मला फोन लावून दिला.